मेण लावलेली शिशी

ता. ३ जानेवारी १९४४, सोमवार

आज सहा डझन शिश्या धुतल्या. हे जळगावहून पोतं भरून घेऊन आले — रिकाम्या शिश्या, ड्रॉपर, बुचं, सगळा काला. लढाईमुळे नवी काच धुळ्यात येतच नाही. म्हणून गिऱ्हाइकांकडून जुन्या शिश्या परत घ्यायच्या, मी घरी धुवायच्या, आणि ह्यांनी दुकानात पुन्हा भरायच्या. लवंगेचं तेल, निलगिरी, ओव्याचा अर्क, डोंगरातल्या भट्टीवरून येणारं रोशा गवताचं तेल.

राख, सोडा, कढत पाणी. आत तांदळाची मूठभर कणी टाकून खळखळवायचं. तीन पाणी. उन्हात उपडी. आणि शेवटी नाक! माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय शिशी दुकानात जात नाही. लग्न होऊन आले तेव्हापासूनची रीत. हे म्हणायचे, "दुकान माझं, पण चालतं तुझ्या नाकावर." नणंद म्हणायची, वहिनी नाकानं कांदे सोलते.

आज एकेक शिशी नाकाला लावली. सगळ्या पास केल्या.

मला कसलाच वास येत नाही. दिवाळीनंतरच्या तापापासून. कोणाला सांगितलेलं नाही.

ता. ४

ठगीला जाऊन आज दोन महिने. ताप दोघींना एकदमच आला. मी उठले.

आठ वर्षांची होती. तिच्या आधीची दोन पाळण्यातच गेली, म्हणून हिचं नाव ठगी ठेवलं — यम फसावा म्हणून. आमच्याकडे ठेवतात तसं. आठ वर्षं फसला.

सासूबाई म्हणतात, "रडी ले माय, एकदाव रडी ले." रडू येत नाही. भाकरी थापते, शिश्या धुते, पडले की झोप लागते. झोप लागते याची लाज वाटते. तीही फार वाटत नाही.

ता. ७

फडताळात ठगीची शिशी आहे. कान वाहायचा तिचा. रोज संध्याकाळी तिळाच्या तेलात लसूण कढवून, कोमट करून, ड्रॉपरनं दोन थेंब. त्यामुळे पोरगी कायम लसणाची. केस लसणाचे, उशी लसणाची, माझा पदरसुद्धा. शाळेत पोरी तिला चटणी म्हणायच्या. रडत नव्हती. घरी येऊन माझ्या पोटात डोकं खुपसायची — "घे, चटणी आली!" मी म्हणायची, हो बाजूला, घाणेरडे!

असं म्हणायची मी.

फ्रॉक धुतले गेले, गोधडी देऊन टाकली. आता तिचा वास कुठे असला तर या शिशीत. तळाला बोटभर तेल आहे. गेले दोन महिने रोज उघडते, हुंगते. काही नाही. पाणी हुंगल्यासारखं.

आज लक्षात आलं. शिशी उघडी टाकली की वास उडतो — ही गोष्ट मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, बूच घट्ट लावा म्हणून. आणि मीच रोज उघडतेय. रोज थोडी ठगी उडून जाते आणि माझ्या पदरात काही पडत नाही.

ड्रॉपर आत ठेवून, रबराच्या टोपीभोवती मेण ओतलं. फडताळात अगदी मागे ठेवली. आता बघायचीसुद्धा नाही. नाक परत येईल तेव्हाच मेण फोडायचं. आलंच नाही तर? लिहून ठेवते — तर तशीच राहू दे.

ता. १०

युक्ती सापडली! अंगणात गुळाचा खडा पडला होता, त्याला मुंग्या लागल्या. शेजारी लवंगेची न धुतलेली शिशी. तिच्या भोवती मात्र वीतभर जागा मोकळी. एक मुंगी फिरकेना.

मग धुतलेल्या शिश्यांत काडीनं गुळाचं पाणी लावलं आणि आडव्या ठेवल्या. जिच्यात मुंगी शिरली ती पास. जिच्या तोंडाशी येऊन मागे फिरली ती पुन्हा राखेत. बावीस शिश्या मागे आल्या! म्हणजे गेल्या सोमवारी मी काय काय पास केलं असेल, देव जाणे.

सासूबाईंनी विचारलं हे काय चाललंय. म्हटलं, मुंग्यांना खाऊ घालतेय, पुण्य लागतं. "घाल, घाल," म्हणाल्या. नंतर गुळाचं पाणी धुवायला चौथं पाणी लागतं. लागू दे. वेळ जातो.

ता. १४, संक्रांत

तीळ जळाले. मी चुलीपुढेच बसले होते. सासूबाई बाहेरून धावत आल्या — "अवं, घरभर धूर व्हई राहिना! तुले समजस नही का?" म्हटलं, डोळा लागला होता. हे दारात उभे होते.

तिळगूळ केलाच नाही. दुखवट्याचं वर्ष, चाललं असतं, पण शेजारच्या पोरांना सवय आहे आमच्याकडे यायची. गुळाचे खडे दिले.

ता. २३

शिश्या आठ डझन. मुंग्या हुशार झाल्या आहेत, मी अंगणात आले की गोळा होतात.

ता. २ फेब्रुवारी

शेजारच्या तानुबाईच्या नातवाचे, उखर्डूचे, डोळे आलेत. वैद्यांनी डोळ्यांत घालायला औषध दिलंय, पण त्यांच्याकडे ड्रॉपर नाही. "तुनाकडे नळ्या रहातस ना वं? दे एखादी, चांगली धुयेल." कालच्या धुतलेल्यांतला एक दिला. मुंगीनं पास केलेला. काच लख्ख होती, उजेडात धरून पाहिली.

ता. ३

सकाळीच तानुबाईचा आरडाओरडा. "पोरना डोया लालभडक व्हयना वं! काय व्हतं त्या नळीमा?" उखर्डू मुठी डोळ्यांवर दाबून भिंतीला डोकं आपटत होता. तीन वर्षांचा आहे. त्याची आई त्याचे हात धरायला बघत होती, धरवत नव्हते.

ड्रॉपर हातात घेतला. टोपी दाबली, नाकाशी काही आलं नाही. सासूबाईंनी माझ्या हातातून घेतला, हुंगला आणि तोंड फिरवलं. लवंग!

काचेत नव्हती. रबरात होती. काच धुतली की विसरते, रबर विसरत नाही. मुरतं त्याच्यात. मुंगी काचेच्या तोंडातून आत फिरून आली, टोपीपर्यंत गेलीच नाही. माझं नाक असतं तर हातभरावरून कळलं असतं.

वैद्य आले. उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळे धुतले, गाईच्या दुधात कापूस भिजवून ठेवला. म्हणाले, दृष्टीचं आता काही सांगत नाही, चार दिवस पट्टी राहू द्या.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. हात मात्र दिवसभर शिश्या धूत राहिले. जणू हात दुसऱ्या कुणाचे.

ता. ४

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं तर नाक जाऊन तीन महिने झाले, तेव्हा आज तोंड उघडलं. ह्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हटलं — मला वास येत नाही. तापापासून. मी तुम्हाला फसवलं. उखर्डूचे डोळे माझ्यामुळे गेले तर मी काय करू?

हे भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. घर धुरानं भरलं होतं आणि तू शांतपणे ढवळत होतीस."

तेव्हापासून दुकानात प्रत्येक शिशी हे स्वतः हुंगून मगच भरतात! रोज दोन तास त्यात जातात. मला एका शब्दानं बोलले नाहीत. म्हटलं, का नाही सांगितलं? म्हणाले, "तुझं एवढं एकच काम उरलंय. तेही काढून घेऊ?"

तो ड्रॉपर दुकानात गेलाच नाही, घरूनच दिला गेला. म्हणून ह्यांच्या नाकातून सुटला. "चूक दोघांची," म्हणाले. नाही. माझीच.

दुपारी तानुबाईकडे गेले, सगळं सांगितलं. वाटलं होतं अंगावर येईल. ती पोराला मांडीवर थोपटत होती, बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे. "जाय घर," एवढंच.

ता. ५

पट्टी.

ता. ६

पट्टी. तानुबाई बोलत नाही. पाणी भरायला मी उशिरा जाते.

ता. ८

उखर्डूला दिसतं! पट्टी सोडली, डोळे किलकिले केले, आणि पहिलं काय तर आमच्या अंगणातला गूळ मागितला. दिला. तानुबाईनं तो त्याच्या हातून काढून घेतला नाही. मला तेवढं पुष्कळ आहे.

ह्यांनी नियम केला — रबराची टोपी पुन्हा वापरायची नाही. काचेची नळी उकळून घ्यायची, टोपी काढून टाकायची. पण लढाईत रबर कुठलं? टाकवेना. सगळ्या टोप्या पत्र्याच्या डब्यात, कोरड्या राखेत घालून ठेवल्या. म्हणाले, राहू दे वर्षभर, वास सोडला तर सोडला.

ता. २० फेब्रुवारी

बरं आहे. म्हणजे काहीच नाही. शिश्या मुंग्या बघतात, मग हे बघतात. मी नुसती हातांची.

ता. ९ मार्च, होळी

गल्लीत होळी पेटली. गोवऱ्या, एरंड, सगळी माणसं डोळे पुसत मागे सरकली. मी तशीच उभी. ठगी असती तर पदरात तोंड लपवून म्हणाली असती, आई, धूर! धूर दिसला. तेवढाच.

ता. १६ मार्च

मोरी! मोरीची घाण!

सकाळी भांडी घासायला बसले आणि आली. कुजकट, शेवाळी. आधी कळेना काय होतंय. मग कळलं. मोरीशी नाक नेऊन परत परत घेतली. मग राख. मग ओला टॉवेल. ह्यांचा सदरा — बिडी, रोशा, घाम. सगळं आहे, जिथल्या तिथे आहे!

हात न पुसता फडताळाकडे धावले. मागे हात घातला. शिशी नाही.

सगळं बाहेर काढलं. नाही. सासूबाई दाराशी आल्या. माझं तोंड पाहूनच त्यांना कळलं. "होयीना आदल्या दिन धुई टाकी मी," म्हणाल्या. "कितला दिन मेण लाई ठेवशी, माय? तुना जीव मोकया व्हवो म्हनीसन धुई टाकी. तुले ईचारतू ते तू देती का?"

त्यांनी ती धुऊन माझ्याच ढिगात ठेवली. मी तिला गूळ लावला असणार, मुंगी शिरली असणार, मी पास केली असणार. सगळ्या शिश्या सारख्या. आणि मी बघायचं नाही म्हणून ठरवलं होतं, म्हणून होळीपासूनच्या या आठ दिवसांतही फडताळाकडे पाहिलं नाही. आता ती कुठे असेल — कुणाच्या घरी, कुणाच्या पोटदुखीचा ओव्याचा अर्क भरून.

त्यांच्यावर ओरडता आलं नाही. म्हातारीचीही नात होती.

नाक आलं, आणि हुंगायला काही नाही. खोबरेल तेल, मोरी, राख, सोडा. सबंध दिवस वास येतच राहिले. नको झाले.

ता. १७ मार्च

आज भाकरी भाजताना आठवलं. सासूबाईंनी शिशी धुतली. टोपी?

भाकरी तव्यावरच टाकून त्यांना विचारलं. "ती? टाकी त्या डबामा, बाकीन्या टोप्यास्मा."

डबा अंगणात उपडा केला. राखेतून एकेक टोपी उचलली, झटकली, नाकाशी धरली. लवंग. निलगिरी. निलगिरी. ओवा. रोशा. लवंग. मागे भाकरी करपल्याचा वास आला, पहिल्या झटक्यात आला. करपू दे.

सदतीस झाल्या.

अडतिसावी — लसूण!

घाणेरडे! अगं घाणेरडे! किती मोठ्यानं ओरडले कोण जाणे. तानुबाई कुंपणाशी आली, सासूबाई बाहेर आल्या, हे दुकानातून आले. मी तिथेच राखेत बसून रडत होते. कुणी थांबवलं नाही.