नारळाविना लावणी

२ जुलै
ताराकाकूंच्या वावरात भातलावणी उरकली. आता सावडीत माझी पाळी. आजवर सगळ्यांच्या वावरात मी राबले, आता सगळ्या माझ्यात. काकूंनी विचारलं, नारळ आणलास का. दरवर्षी हे बांधावर फोडायचे, मगच बाया चिखलात उतरायच्या. हे गेल्यानंतरची ही पहिलीच लावणी. म्हटलं, नारळ नाही, प्रार्थना करून सुरू करू. काकू म्हणाल्या, "मंग पयला पाय कोन घालंल? आमाला बी पोरंबाळं हायेत." रागानं नाही बोलल्या. भ्याल्या. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

३ जुलै
कुणी आलं नाही. एकटीनं एक कोपरा लावला. कंबर कामातून गेली. रोपं पिवळी पडायला लागलीत. बायबलात गहू आहे, जव आहे, द्राक्षं आहेत. भात कुठंच नाही. प्रभू, चिखलातलं काम कळतं ना तुला?

माहेरी, गुंजवण्याला फोन केला. दादानंच घेतला. "आई गोठ्यात हाय." ह्यांच्या दहाव्याला मी पिंड ठेवला नाही, प्रार्थना ठेवली. तेव्हापासून आई गोठ्यातच आहे. म्हशी दोनच आहेत त्यांच्या! दादाला एवढंच सांगितलं, सावडीला कुणी आलं नाही, एकटी लावतेय. फोन ठेवून रडले.

६ जुलै, रविवार
भोरला उपासनेला गेले. पाळकबाई म्हणाल्या, आज तुम्ही साक्ष द्या. उठले. देवानं धीर दिला वगैरे म्हणायचं ठरवलेलं, तोंडातून निघालं, "मला आईची लई आठवण येते." आणि बसले खाली. झाली साक्ष.

उपदेश नाही केला कुणी. ह्यांच्या आजारपणात दवाखान्यात उशाला बसायची तीच ही माणसं. तेव्हापासूनच मी प्रभूची झाले. पाळकबाईंनी आईचं नाव विचारलं, सगळ्यांनी नाव घेऊन प्रार्थना केली. आईला कळलं तर माझी खैर नाही. येताना एसटीत जरा हलकं वाटलं.

७ जुलै
उठावंसं वाटेना. पडल्यापडल्या म्हटलं, प्रभू, आज एवढी एक ओळ लावून होऊ दे. झाली. मग दुसरीपण.

८ जुलै
आई आली!!

न कळवता. वावरात वाकलेली मी, मान वर केली तर बांधावर ही. पिशवीतून नारळ काढला, दगडावर फोडला, साडी खोचली नि उतरली चिखलात. मी तशीच उभी. अडवलं नाही. तोंडातल्या तोंडात माझी प्रार्थना केली. चुकलं का? पाळकबाईंना विचारावं तर... नको. प्रभूनं बघितलंच आहे.

थोड्या वेळानं काकू आल्या, मागून बाकीच्या. जुड्या उचलून आईच्या ओळीला लागल्या.

जेवायला आई घरात आली नाही. बांधावर बसून स्वतःची भाकरी खाल्ली. माझ्या कालवणाला हात लावला नाही. परत रोपांची जुडी हातात देताना म्हणाली, "लई वाळलीस गं." इतक्या महिन्यांनी पहिला शब्द. पुढचं मला नीट दिसेना.

९ जुलै
काल पुढचं लिहवलं नाही.

संध्याकाळी आईला स्टॉपवर सोडायला गेले. वाटेत एकदम म्हणाली, "रोज काय मागतीस तुज्या देवाकडं?"
"तू यावंस म्हनून."
"मंग आले न्हवं. आता काय मागशील?"

आई, घरात ये, राहा माझ्याजवळ, असं सांगायचं होतं. तेवढ्यात एसटी आली. चढली ती. खिडकीतून बघत होती की नाही, गर्दीत कळलं नाही.

वावर सगळं लावून झालंय. पाणीही बरं आहे. सकाळी प्रार्थनेला बसले तर दुसरं काही सुचलंच नाही. तेच मागितलं, आई यावी, या वेळी घरात. आत्ता भाकरी थापताना परत तेच.