निरासावांची पेटी

तीर्थरूप बाबा,

गुडघे टेकून नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. तुम्ही गुडघ्याला शेक घेता ना? आईचा खोकला कसा आहे?

सुकवलेल्या पर्सिमन फळांची पेटी तुमच्याकडे परत आली, त्यात पोस्टाची काही चूक नाही. चूक माझी आहे.

तुम्ही सवयीने 'तादाओ निरासावा' लिहिलंत. तिकडे पूल निरासावा, बसथांबा निरासावा, अर्धं गाव निरासावा. इथे मात्र मी घरजावई झाल्यापासून, सहा वर्षं, सासऱ्यांच्या आडनावाने हिबिनो आहे.

पोस्टमन दारात म्हणाला, "निरासावा कोण? सहीच्या जागी नावाचा शिक्का मारा."

सासरे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आपल्याकडे निरासावा अजून राहतो का हो?"

आणि मी म्हणालो, "या नावाचं इथे कोणी नाही."

तो माफी मागून पेटी घेऊन गेला. सासरे मागून म्हणाले, "अहो, मी थट्टा केली. घ्यायची की."

आईने लिहिलंय, हात थरथरत असतानाही तुम्ही एकेक फळ स्वतः सोललंत. ते वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही.

मी वीस वर्षांचा, सज्ञान झाल्यावर तुम्ही आपल्या आडनावाचा सहीचा लाकडी शिक्का करून दिला होतात. तो मी टाकलेला नाही. काल शोधून दाराशी, चपलांच्या कपाटावर ठेवला.

पेटीत काही उरलं असेल तर पुन्हा पाठवाल? नाव तेच लिहा.

तुमचा,
तादाओ निरासावा