टाइल्स किती घ्यायच्या

३ मार्च

भिंत पडली! बाथरूम आणि अडगळीची खोली यांच्या मधली. मिस्त्रींनी सकाळी पहिला घाव घातला आणि दुपारी मी शिलाई मशीनपाशी बसल्या बसल्या अडगळीच्या खोलीच्या दारातून थेट बाथरूमची खिडकी बघत होते. घरभर धूळ. चहात, केसांत, दोऱ्याच्या रिळांवर. एरवी जीव वर-खाली झाला असता. आज वाटलं, उडू दे.

अपघातानंतर पाय गेले त्याला दोन वर्षं झाली. चाकाची खुर्ची बाथरूमच्या दारातून आत जात नाही. दार अरुंद, त्यात उंबरा. म्हणून रोज सकाळी ह्यांची मोठी बहीण येते. वन्सं आल्या की हे मला उचलून आत स्टुलावर ठेवतात, कामावर पळतात, आणि वन्सं मला आंघोळ घालतात. कुंडीतल्या झाडाला पाणी घालावं तसं. डोकं खाली, हात वर, मागितली तर दुसरी बादली, झालं, चल.

आता दोन खोल्यांची एक होणार. अडगळीच्या खोलीच्या रुंद, बिनउंबऱ्याच्या दारातून खुर्ची आत जाणार, गर्रकन वळणार. बसायला भिंतीलगत ओटा, धरायला दांडा. मी एकटी!

४ मार्च

टाइल्सचा हिशोब ह्यांनी केला. रात्रीच्या जेवणाआधी कागद माझ्यापुढे ठेवला, वर दोनदा अधोरेखित आकडा. एवढ्या टाइल्समध्ये शेजाऱ्यांचंही बाथरूम झालं असतं. मी कागद उलटसुलट करून पाहिला. ह्यांनी दोन्ही खोल्यांच्या भिंती वेगवेगळ्या मोजल्या होत्या आणि बेरीज केली होती.

म्हटलं, "काल पाडलेल्या भिंतीला दोन्ही बाजूंनी टाइल्स लावायच्यात का?"

ह्यांनी कागद ओढून घेतला, बोटानं भिंती पुन्हा मोजल्या. मग म्हणाले, "तरीच म्हटलं, जास्त कशा आल्या."

हसून हसून माझं पोट दुखलं. शेवटी हेही हसले. उद्यापासून मोजमाप माझ्याकडे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेतली, चार भिंतींची घेता येणार नाहीत होय?

५ मार्च

माझी शिलाईची टेप इथे पुरेना. मिस्त्रींनी त्यांची लोखंडी टेप दिली. खुर्चीतून वाकून मी एक टोक धरलं, दुसरं वन्संनी. तोंडाचा पट्टा चालूच — "माझी कंबर मोडवणार ही बया."

लांबी आठ फूट, रुंदी सहा. म्हणजे जमिनीला एक फुटी टाइल्स अठ्ठेचाळीस. भिंतींना सात फुटांपर्यंत. दाराची जागा वजा केली. ओटा राहिलाच होता! त्याची बैठक आणि पुढची बाजू भिंतींच्या हिशोबात मिळवली.

आता कापाकापीच्या किती? शिवणात तेच असतं. साध्या कापडाला एक हिशोब, चौकड्याच्या कापडाला दुसरा. चौकडे जुळवायचे तर कापड जास्त लागतं, आणि उरतं ते चिंध्या. इथे जमिनीला उतार द्यायचाय, पाणी कोपऱ्यात जायला हवं, म्हणजे तिरप्या टाइल्स कापाव्या लागणार.

मिस्त्री म्हणाले, "जमिनीला आठ खोकी घ्या." एका खोक्यात आठ टाइल्स. मी म्हटलं सात. आठ जादा टाइल्स, म्हणजे पुष्कळ झाल्या.

"ताई, सात कमी पडतील."

"कपड्यात माझा अंदाज कधी चुकला नाही."

"कपडा ताणता येतो," मिस्त्री म्हणाले.

वन्सं मध्येच, "अठ्ठेचाळीस लागतात तर अठ्ठेचाळीसच आणा. आणि लवकर आणा. कधी संपायचं हे तुमचं?" त्यांना भारीच घाई. आपल्याला काय, रोज यायचा त्रास होत असेल.

७ मार्च

दुकानात गेले होते! मी स्वतः! ह्यांनी आणि मिस्त्रींनी खुर्ची टेम्पोत चढवली. रस्ताभर मी मागे, वारा खात. वाटेत कोण कोण वळून बघत होतं. बघू देत.

दुकानदार ह्यांच्याशीच बोलत होता. ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं — "मालकीणबाई त्या." मग स्वारी माझ्याकडे वळली. मी एकेक टाइल मांडीवर घेऊन त्यावर ओला हात फिरवून बघितला. गुळगुळीत त्या सगळ्या बाद. शेवटी एक मिळाली, खरखरीत, मांजराच्या जिभेसारखी. फिकट हिरवी. भिंतींना पांढऱ्या.

दुकानदार म्हणाला, सगळी खोकी एकाच लॉटची घ्या, नाहीतर रंगात फरक पडतो. हे मला कुणी शिकवायला नको. निळ्या दोऱ्याचं एक रीळ दुसऱ्याशी जुळेल तर शपथ.

हिरवी सात खोकी. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

१२ मार्च

जुना गिलावा काढतायत. आंघोळ सध्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पडदा लावून. वन्सं म्हणाल्या, "तुझं डोकं धुऊ की तांदूळ, तेच कळेना मला."

१८ मार्च

भिंती पूर्ण! पांढऱ्या टाइल्स बरोब्बर पुरल्या, तीन उरल्या. मी सगळ्यांना बोलावून त्या तीन दाखवल्या. वन्संना दोनदा.

ओट्यावर बसून पाहिलं. पाठ टेकते. दांडा हाताला येतो. पाय जमिनीला लागतात — लागलेले कळत नाहीत, पण दिसतात. दिसले तरी बरं वाटतं.

२३ मार्च

पडले तोंडावर.

मिस्त्री दुपारी बाहेर आले, हात पुसत. "आत चला," म्हणाले. जमीन झाली होती. दाराजवळची एक अख्खी ओळ सोडून. टाइल्स संपल्या!

चूक माझीच. गिलावा काढायच्या आधी मापं घेतली मी. जुना गिलावा चांगला जाड होता. तो गेला, नवा पातळ बसला आणि खोली चारी बाजूंनी दोन-दोन बोटं वाढली. भिंतींना खिडकीची जागा वजा करायला विसरले होते, म्हणून तिथे निभावलं. जमिनीला मात्र प्रत्येक ओळीला शेवटी एक पट्टी. एक टाइल फोडा, पट्टी काढा. स्वेटरवरून माप घ्यायचं नाही, हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी सांगते. आणि स्वतः भिंतीला तिचा स्वेटर न उतरवता टेप लावली.

मिस्त्री "सांगितलं होतं" म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

ह्यांनी दुकानात फोन केला. तो लॉट संपला. नवा आलाय, पण पिवळसर.

वन्सं मात्र चिडल्या. मला वाटलं माझ्यावर. तर नाही. "पिवळ्या तर पिवळ्या, लावा आणि मोकळे व्हा," त्या मिस्त्रींना म्हणाल्या. "रंग बघायला कोण आत बसणारे?"

मी बसणार आहे. रोज. निवांत.

२४ मार्च

सुचलं! पहाटे जाग आली तीच उत्तर घेऊन.

कापड कमी पडलं तर आपण त्याच रंगाचं शोधत फिरत नाही. फिरलं आणि जरा वेगळं मिळालं तर शिवण ओरडून सांगते की कमी पडलं होतं. त्यापेक्षा सरळ वेगळ्या रंगाची किनार लावायची. लोक विचारतात, किनार कुठे शिकलात.

दाराजवळची ओळ काळी करायची. तशीच खरखरीत. उतार तिथूनच सुरू होतो. खुर्ची आत घेताना काळं दिसलं की चाकांवर हात घट्ट.

मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी दारात उभं राहून डोळे बारीक केले, मान तिरकी केली. "पुढच्या घरी मी हे माझं म्हणून सांगणार," म्हणाले.

"खुशाल सांगा. पण टाइल्स किती, ते मला विचारा."

"ते नको," मिस्त्री म्हणाले.

२५ मार्च

काळ्या टाइल्सचं एक खोकं आणलं. यावेळी मोजलंच नाही मी. हे म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

२९ मार्च

काळी ओळ काय दिसते! मी खुर्ची आत-बाहेर, आत-बाहेर केली, झोपाळ्यावर बसलेल्या पोरीसारखी. सांधे वाळेपर्यंत पाणी सांडायचं नाही. मिस्त्रींची ताकीद. किती दिवस विचारलं तर म्हणाले, "धीर धरा." तोच तर माल दुकानात मिळत नाही.

२ एप्रिल

आज.

वन्सं नेहमीसारख्या आल्या, पदर खोचला, आणि मी म्हटलं, "तुम्ही बसा."

आत गेले. काळ्या ओळीवर थांबले. मग खुर्ची वळवली, ओट्याला लावली, दांडा धरला. एका दमात जमलं नाही, दुसऱ्यात जमलं. मग दाराची आठवण झाली, पुन्हा खुर्चीत, पुन्हा दारापाशी. आतून कडी लावली. दोन वर्षांनी कडी लावली मी. तिचा आवाज ऐकायला उघडून पुन्हा लावली.

बाहेरून वन्संचा आवाज, "काय झालं गं?"

"काही नाही. आंघोळ करतेय."

"पाठ राहील तुझी."

"राहू दे."

मग पावलं वाजली. मला वाटलं गेल्या. बाहेर आले तर दाराशीच खुर्ची टाकून बसलेल्या, टॉवेल मांडीवर. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "कानामागे साबण राहिलाय." स्वतः पुसला नाही. टॉवेल माझ्या हातात दिला.

३ एप्रिल

आजही. पाठसुद्धा!

९ एप्रिल

वन्सं मुलाकडे राहायला चालल्या. दुसऱ्या गावी, कायमच्या. दोन वर्षं तो बोलावत होता, खोली तयार ठेवून. ह्यांनाही आजच कळलं. मी म्हटलं, "एका शब्दानं तरी बोलायचं होतं." त्या चपला घालत होत्या. म्हणाल्या, "बोलले असते तर दुसरी बादली मागायला लाजली असतीस."