मशीन पूर्ण बंद करण्याबाबत

तीर्थस्वरूप आत्या,

लांबूनच पाया पडतो (समोर यायला तोंड नाही; का, ते पुढे कळेल). तुझा गुडघा कसा आहे? लॅब जोरात चालली असेलच. मी ठीक आहे, म्हणजे जेवतो-झोपतो, बाकी बोलायची सोय नाही.

झालं असं. आमच्या मोठ्या सर्व्हरच्या पोटात बऱ्याच जणांची व्हर्च्युअल मशिनं चालतात, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक. त्यांना खरा प्रोसेसर दिसत नाही. मी सेटिंगमध्ये दाखवीन तेवढाच दिसतो. नवा सर्व्हर आला तेव्हा त्याच्या प्रोसेसरमध्ये चोरट्या प्रोग्रॅमना अडवायच्या काय काय सोयी आहेत, यावर मी सगळ्या ऑफिससमोर भाषण ठोकलं (साहेबांना डुलकी लागली, तरी थांबलो नाही). आणि मग, मशिनं जुन्या सर्व्हरवरही हलवता यावीत म्हणून, सगळ्यांना प्रोसेसरचं जुन्यातलं जुनं मॉडेल दाखवून मोकळा झालो. सोयी राहिल्या सर्व्हरपाशी आणि आतली मशिनं उघडी.

परवा तपासणीच्या बाई आल्या. मी पुन्हा भाषण सुरू केलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, एका मशीनमध्ये शिरल्या आणि त्यालाच विचारलं, बाबा रे, तुला यातलं काय मिळतं? पडद्यावर उत्तर आलं, काहीच नाही. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं गं (पण आमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर, फार तर खालच्या अकाउंटवाल्यांकडे पडलो असतो). घाईघाईने सेटिंग बदललं, मशीन रीस्टार्ट केलं आणि आता बघा म्हणालो. पुन्हा काहीच नाही. रीस्टार्टने भागत नाही, मशीन पूर्ण बंद करून बाहेरून चालू करावं लागतं. हे नव्या लोकांना मीच शिकवतो, आणि ते सगळे मागेच उभे होते.

आता बाकीची मशिनं बंद-चालू करून झाली. एक तेवढं राहिलंय, कारण ते क्षणभरही बंद करायचं नाही अशी मालकीणबाईंची ताकीद आहे, आणि मी त्यांना भितो. आतोबांना नमस्कार.

तुझा (परवापर्यंत लाडका) भाचा

ता. क. ते मशीन तुझं आहे. रविवारी दुपारी अर्धा तास बंद करू दे.

ता. क. २ कोणी आत शिरल्याची खूण सापडली नाही. पण शोधली मीच, म्हणून छातीठोकपणे सांगत नाही; बाईंनाही बघायला सांगितलंय. घरच्यांपासून लपवलेले आजार लोक तुझ्या भरवशावर सोपवतात, आणि तू माझ्या. फार लाज वाटते.

ता. क. ३ ‘तुमचे रिपोर्ट इथे सुरक्षित आहेत’ ही काउंटरवरची पाटी तोवर काढून ठेव. तू नको नको म्हणत असताना मीच खिळे ठोकून लावली आहे, तेव्हा जरा जोर लावून ओढावी लागेल.