दाराबाहेरचं हिरवं कार्ड

२ मार्च, सकाळी ७.१०
या निवासात येऊन चार महिने झाले. आजपासून संकल्प : कुणाची मदत घ्यायची नाही. कारखान्यात एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. चारशे माणसं सांभाळली, एक म्हातारा सांभाळता येणार नाही?
इथला नियम असा : रात्री दाराच्या मुठीला हिरवं कार्ड अडकवायचं, सकाळी आठच्या आत ते आत घ्यायचं. घेतलं, तर माणूस ठीक. बाहेरच राहिलं, तर सिस्टर दार वाजवते. निव्वळ पोरखेळ.
मदतीला बोलवायचं बटणही दिलंय, गळ्यात घालायला. गळ्यात घंटा बांधायला मी काय बैल आहे? कपाटात टांगलं.

५ मार्च
कार्ड आत घ्यायला विसरलो. म्हणजे कामात होतो. आठ वाजून चार मिनिटांनी सिस्टर हजर. झोप लागली का, गुडघा काय म्हणतो, सगळी चौकशी. माझी दहा मिनिटं गेली.

६ मार्च
कार्ड मुद्दाम बाहेर ठेवलं. स्टाफ सावध आहे का, याची चाचणी. तीन मिनिटांत आली. सिस्टरच्या मुलीचा पुढचा दात पडलाय. माहिती निरुपयोगी, तरी नोंद असावी.

११ मार्च
सलग सहावी चाचणी. स्टाफ पास. आज सिस्टर खुर्चीवर टेकली. माझी दाढी आधीच झालेली होती, योगायोगाने.

१२ मार्च
व्यवस्थापकबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, तुम्ही रोज कार्ड विसरता, डॉक्टरांना दाखवू, वेळ पडली तर तळमजल्यावर देखरेखीच्या खोलीत हलवू. मी विसरतो? मी?
चाचणीचं सांगता येईना. हात दाखवून अवलक्षण. मग दोन पानी कडक अर्ज ठोकला. मुद्दे : स्वातंत्र्य, खासगीपणा आणि रोज सकाळचा त्रास. 'त्रास'खाली दोन रेघा.

१५ मार्च
स्मरणशक्तीची तपासणी. तीसपैकी एकोणतीस. उरलेल्या एकासाठी वाद घालणार होतो, पण डॉक्टर घाईत होते.

१८ मार्च
अर्ज मंजूर! बाईंनी चक्क माफी मागितली. माझ्यामुळे अख्ख्या मजल्याला सेन्सर बसले. सकाळी दहाच्या आत दार एकदा उघडलं की ऑफिसात दिवा लागतो. दिवा लागला, माणूस ठीक. कुणी दार वाजवणार नाही. कार्डं बंद. पूर्ण विजय.
लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाबा, मग आता मला काळजी नाही." रोजचा फोन यापुढे रविवारी करायचा ठरलं. तिने ठरवलं. मी मोठ्या मनाने होकार दिला.

२१ मार्च
शांतता उत्तम. वाचन करायचं ठरवलं. केलं नाही. सिस्टरच्या मुलीला नवा दात आला का, कळायला मार्ग नाही.

२४ मार्च, संध्याकाळ
साडेसातला शिस्तीत दार उघडून लावलं. दिवा लागला असणार. मग बाथरूममध्ये पडलो. पडलो नाही, बसलो. पाच तास फरशीची पाहणी केली. बटण कपाटात.
जेवायला आलो नाही म्हणून साडेबाराला सिस्टर वर आली. आधी माझे हातपाय चाचपले, मग तिथेच ओल्या फरशीवर बसली. "काका, हाक मारायची ना."
मारली होती. नऊ वेळा. आवाज कुठवर जातो, याची चाचणी.
हाड शाबूत आहे. तिने माझा हात बराच वेळ धरून ठेवला होता. बरं वाटलं. ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.
नंतर बाई आल्या. तुमच्यापुरतं कार्ड पुन्हा सुरू करू का, म्हणून विचारलं. पडलो तरी नाक वर. म्हटलं, "अजिबात नको. मी ठीक आहे." आवाज खणखणीत निघाला.

२६ मार्च, सकाळी १०
काल रात्री जुनं कार्ड ड्रॉवरमधून काढलं आणि मुठीला अडकवलं. सहज. सकाळी दाढी केली. सिस्टरची खुर्ची पुसून ठेवली.
८.०४. कुणी नाही.
९.२०. पावलं आली, माझ्या दाराशी थांबली. मुठीपाशी काहीतरी हललं. मी 'या' म्हणायला तोंड उघडलं, तोवर पावलं पुढे गेली.
बाहेर डोकावलो. सफाईच्या मावशी शेजारच्या दारापाशी पोचल्या होत्या. हातात माझं कार्ड. म्हणाल्या, हे आता लागत नाही, एखादं राहिलं असेल तर काढून टाकायला सांगितलंय.
दार उघडलं, त्यामुळे ऑफिसात दिवा लागला. मी ठीक आहे.