न बोलावता यायचं असतं

सोमवार, १६ डिसेंबर

दुरुस्ती. कालच्या नोंदीत लिहिलं आहे की बाबांना सगळं सांगून झालं. ते चूक आहे. सगळं सांगायचं ठरवून झालं. बाबांनी मला शाळेच्या आधी अक्षरं शिकवली ती सर्बियात, चाचाकला, आमच्या औषधांच्या दुकानात, काउंटरवर बसवून. नियम त्यांचाच: चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. रेघ मारली आहे.

सगळं म्हणजे एकच गोष्ट. जुलैत शिक्षण संपलं की मी दुकानात उभी राहायला परत जाणार नाही. इथेच, स्लोव्हेनियात, ल्युब्ल्यानात, आमच्या प्राध्यापक कोशबाईंच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं संशोधन करणार. सही ऑक्टोबरात केली. बाबांनी नवी पाटी सप्टेंबरातच रंगवून घेतली: ‘रादोमिर आणि मुलगी’.

उद्या आई, बाबा आणि यास्ना (धाकटी, सतरा वर्षांची, शाळेचं शेवटचं वर्ष) गाडीने येतायत. गुरुवारी संत निकोलाचा दिवस, म्हणजे आमच्या घराण्याची स्लावा, कुळाच्या संताचा वार्षिक सण. परीक्षेमुळे मला जाता येत नाही, म्हणून बाबांनी स्लावाच इकडे हलवली. तिथलं तुझं शेवटचंच वर्ष, म्हणाले. चाचाकच्या पेपरात छापूनही आणलं की यंदा पाहुणे घेतले जाणार नाहीत. नाहीतर चाळीस माणसं कुलपापुढे उभी राहिली असती.

उद्या आल्या आल्या सांगणार. कॉफीच्याही आधी.

मंगळवार, १७. संध्याकाळी

नाही सांगितलं. आईने कॉफी जिन्यातच मागितली, त्यामुळे कॉफीच्या आधीची वेळ उरलीच नाही. शिवाय आठ तास गाडी चालवलेला माणूस.

सामान: दोन मोठे मासे, भाजक्या मिरच्यांच्या चटणीच्या नऊ बरण्या, घेवडा, गहू, हातभर उंच मेणबत्ती, घरची ब्रँडी, आणि घेवड्याचं पातेलंसुद्धा. परक्या पातेल्यात तो शिजत नाही म्हणे. आईने माझा फ्रिज उघडला. आत एक लिंबू. अगं, हा फ्रिज आहे की औषधाचं कपाट, म्हणाली.

यजमान मी आहे. तासांसकट वेळापत्रक भिंतीला लावलं आहे. सहा वाजता किल्ला होता. सहा वाजता मी पलंगावर मांडी घालून जेवत होते आणि आई माझे पडदे इस्त्री करत होती. यजमान मी आहे हे तीनदा सांगितलं. हो गं बाई, आधी खा, म्हणाली.

बुधवार, १८

कालचा उशीर पथ्यावरच पडला. आज उत्तम योजना सुचली.

स्लावेच्या दिवशी घरधनी पाहुण्यासमोर आवाज चढवत नाही. मग बातमी पाहुण्यानेच द्यावी! कोशबाई येतील, माझं कौतुक करतील, ‘पुढची तीन वर्षं’ म्हणतील, आणि बाबांना म्हणावंच लागेल, बसा, अजून थोडा मासा घ्या.

बाईंकडे गेले. सांगितलं, उद्या आमची स्लावा, दुपारी बारापासून, वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. बाई खुलल्या. म्हणाल्या, अरे वा, मग मला बोलावणं आहे का?

हो म्हणता आलं असतं. पण खोटं कसं बोलायचं? स्लावेला कोणाला बोलावत नाहीत. ज्याला ठाऊक आहे तो येतो. बोलावणं म्हणजे त्या माणसाचा अपमान, जणू तो आपणहून आला नसता. तेव्हा मी अतिशय नम्रपणे म्हटलं, नाही, आम्ही कोणालाच बोलावत नाही.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग शुभेच्छा दिल्या. निरोप व्यवस्थित पोचला.

वर्गातल्या अकरा जणांनाही असंच स्पष्ट सांगितलं. दोघांनी तर स्पष्टपणाबद्दल आभार मानले. बाबांना म्हटलं, पाहुण्यांची बारा ताटं मांडा.

गुरुवार, १९. ११:४०

मेणबत्ती पेटली. सणाचा गोल पाव, उकडलेले गहू, मासे, सगळं तयार. मी शांत आहे.

१३:१५

परीक्षांचे दिवस. उशीर होणारच.

१४:३०

स्लावेला घरधनी बसत नाही, पाहुण्यांना वाढत उभा राहतो. बाबा बारापासून उभे आहेत. कोटाची सगळी बटणं लावून. आई म्हणाली, अहो, टेका जरा. बाबा म्हणाले, आणि नेमकं कोणी आलं आणि मी बसलेला दिसलो तर?

यास्नाने विचारलं, ताई, तू त्या लोकांना नक्की काय सांगितलंस? शब्दशः सांगितलं. तिने कपाळ टेबलावर ठेवलं. म्हणाली, तू त्यांना येऊ नका म्हणालीस. मी म्हटलं, मी फक्त प्रथा सांगितली. ती म्हणाली, हे लोक सख्ख्या आईकडेही वेळ ठरवून जातात गं!

१५:०५

कोशबाईंना फोन करावा का? पण फोन म्हणजे बोलावणंच. तत्त्व म्हणून केला नाही.

१६:१०

पाहुणा!! वसतिगृहाचे व्यवस्थापक, प्लेस्निचारसाहेब.

१९:००

सविस्तर लिहिते. साहेब नाकाला रुमाल लावून आले. चौथ्या मजल्यापर्यंत माशाचा वास गेल्याची तक्रार होती. त्यांनी तोंड उघडायच्या आत बाबांनी त्यांना मिठी मारली. शेवटी या शहरात एक तरी माणूस रीत जाणतो, न बोलावता आला! त्यांना चमचाभर गहू भरवले, मुख्य खुर्चीत बसवलं, ग्लास भरला. मी ड्यूटीवर आहे असं साहेब पाच वेळा म्हणाले. तिसऱ्या ग्लासनंतर म्हणायचे थांबले आणि माशाचा दुसरा तुकडा मागितला. बाबा त्यांच्यामागे उभे, नुसते फुललेले.

मग साहेबांनी सौजन्य म्हणून माझी स्तुती केली. मुलगी शांत, स्वच्छ. खोलीचा करार पुढची तीन वर्षं वाढवून घेतला ते छान झालं, म्हणाले.

बाबांच्या हातात बाटली तशीच राहिली.

माझी योजनाच होती ही! पाहुण्याच्या तोंडून, स्लावेच्या दिवशी. मी डोळे मिटून घेतले.

बाबा म्हणाले, देसा. मग गहिवरून म्हणाले, म्हणजे यास्नासाठी खोली धरून ठेवलीस तू! आणि एका शब्दाने बोलली नाहीस! माझ्या कपाळाचा मुका घेतला. आई रडायला लागली. यास्नाने किंचाळून उडीच मारली. प्लेस्निचारसाहेबांनी नव्या भाडेकरूच्या नावाने ग्लास उंचावला.

मी बोलणार होते. पण पाहुण्यासमोर घरच्यांनी वाद घालायचा नसतो.

शुक्रवार, २०

सकाळी यास्ना टेपने खोली मोजत होती. पलंग खिडकीकडे घेणार म्हणाली. मग एकदम थांबून, दार लावून विचारलं, ताई, खोली खरंच माझ्यासाठी आहे ना?

मी म्हटलं, करार तीन वर्षांचा आहे. हे वाक्य पूर्णपणे खरं आहे. तपासून पाहिलं.

तिने टेप गुंडाळून खिशात टाकली.

निघताना बाबा म्हणाले, दुकानात तुझ्यासाठी उंच स्टूल करून घेतलंय, माझ्यासारखे तुझे पाय नकोत दुखायला. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होते. हात हलवताना बोलता येत नाही.

कोशबाई दुपारी भेटल्या. म्हणाल्या, काही कार्यं अगदी घरच्यांपुरतीच असतात, मी समजू शकते.

रविवार, २२

बाबांचा फोन. यास्नाला स्लोव्हेनियन भाषेच्या शिकवणीला घातलं. काकांना कळवलं. सगळ्या गल्लीला कळवलं.

मागोमाग यास्नाचा मेसेज: मला सगळं कळलंय. जानेवारी संपायच्या आत तू सांगितलं नाहीस, तर ऑक्टोबरात मी पेटी घेऊन येते आणि तुझ्या पलंगावर झोपते. मला दोन्ही चालेल.

चांगली मुलगी आहे. तर आता पळवाट नाही. फोनवर नाही, चाचाकला जाऊन, समोरासमोर. कॅलेंडर घेऊन बसले. ७ जानेवारी आमचा ऑर्थोडॉक्स नाताळ, त्या दिवशी कोणाचं मन मोडायचं नसतं. ८, ९ नाताळच चालू. १४ जुन्या पंचांगाचं नवं वर्ष. २० मामांची स्लावा, घर भरलेलं. २७ शाळेच्या संताचा दिवस, बाबा हमखास भावुक होतात.

२८ला ओळखीत कोणाचीही स्लावा नाही. सणही नाही. दोनदा पाहिलं.

दिवस ठरला: मंगळवार, २८ जानेवारी.