सुभेदारांना कुशीवर वळवण्याबाबत

मी, भीमाबाई हिंमतराव भोईटे, राहणार पालम, नवी दिल्ली, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पुढचे वाचून शंका येईल, म्हणून तो कागद सर्वांत वर लावला. माझे पती सुभेदार हिंमतराव वारले, हे मला पक्के ठाऊक आहे. त्यांच्या अस्थी मी स्वतः गढमुक्तेश्वरला गंगेत सोडल्या.

१. पक्षाघातानंतर ते बरीच वर्षे पलंगावर होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मी त्यांना सारखी कुशीवर वळवत असे, फडकी पिळत असे. त्यातच माझे उजवे कोपर धरले. तेराव्यानंतर पलंग आवरायला गेले, तर चादर निघेना. सवयीने जोर लावला, तसे ओळखीचे वजन भिंतीकडे वळले. ते काम अजून सुटलेले नाही. वेळेवर वळवले नाही की खोलीतून कण्हणे ऐकू येते.

२. कोपरासाठी मी देविकाकडे जात असे. ही आर. के. पुरमची मराठी मुलगी, फिजिओथेरपिस्ट. बर्फ, पट्टा, पाण्याची बाटली धरून मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम, सगळे केले. गुण येईना.

"आजी, घरी रोज काय उचलता?"

"ह्यांना कुशीवर वळवते."

"मग आजोबांसाठी एखादा अटेंडंट ठेवू या ना."

"ते वारले गं."

तिने पेन खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी घरी आली. रिकामा पलंग पाहून हसली नाही, की मला समजावत बसली नाही.

"तळवे खाली करून ओढू नका. तळवे वर, कोपरं अंगाशी, आणि एक पाय मागे टाकून सगळ्या अंगाने ओढायचं. असं."

तिने चादर ओढली आणि थबकली. चादर तिने एकदम सोडली नाही. आजारी माणसाला टेकवतात तशी हळूच टेकवली. "फडकी पिळू नका, दाबून पाणी काढा," एवढे बोलून चहा न घेताच गेली.

तिच्या पद्धतीने कोपराचे दुखणे पुष्कळ उतरले. आता भरलेला कप उजव्या हाताने धरता येतो.

३. हे घर व बँकेतील ठेव मुलगा यशराज याला. माझे दागिने सून स्वप्नालीला. तिने कधी मागितले नाहीत, म्हणून.

४. पलंग विकू नये, हलवू नये. कुशीवर वळवण्याचे काम यशराजनेच करावे, स्वप्नालीवर टाकू नये. वडील जिवंत असताना "आई, मला बघवत नाही," म्हणून तो दाराबाहेर थांबे. आता तर बघण्यासारखे काहीच नाही.

५. माझा प्राण गेल्यावर मला जमिनीवरच ठेवावे. बायका हळहळतील, "फरशी गार आहे, आईंना पलंगावर घ्या," म्हणतील. ऐकू नये. तिथे जागा नाही.

हे मी वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

(सही) भीमाबाई हिंमतराव भोईटे

साक्षीदार:
(सही) देविका पेंडसे, आर. के. पुरम
(सही) विलास मोहिते, शेजारी, पालम

ठिकाण: पालम, नवी दिल्ली
दिनांक: १४ जानेवारी २०२५